मशीन कधी धुता?

खरं तर त्या दिवशी आगाशीला मशीन दुरुस्तीसाठी आमच्या ऑफिसातला डिलन जाणार होता. त्याची बाईक मनवेलपाड्याच्या वळणावर पंक्चर झाली आणि लॅपटॉपची बॅग माझ्या खांद्यावर आली.

चिकूच्या वाडीत, गाळाने भरलेल्या जुन्या बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठावर पोकलेन उभी होती. वर चढताना माझी ओढणी चिखलात बरबटली.

“अरेरे... मॅडम येनार म्हाईत असतं तर धुवून ठेवली असती,” केबिनमधला माणूस म्हणाला. हरेश त्याचं नाव. मशीन त्याचीच, चालवायचाही तोच.

“आणि साहेब आले असते तर?”

“सायबांना ओढनी नसते ना.”

मी हसू दाबलं आणि लॅपटॉपची वायर जोडली. या मशीनच्या पोटात एक कॉम्प्युटर असतो. काही दुखलंखुपलं की तो लाल दिवा लावतो, इंजिनाची ताकद उतरवतो आणि एक कोड लिहून ठेवतो. कोड म्हणत होता, प्रेशरचा सेन्सर नीट सांगत नाहीये. पण आता तर सगळे आकडे बरोबर दिसत होते! मी कोड पुसला, इंजिन चालवून पाहिलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आईचा होता. नेहमीसारखं पहिलं मनात आलं... रिद्धीला ताप तर नाही? आणि एकदम सगळं शांत झालं. हरेशने न सांगता इंजिन बंद केलं होतं. मला ऐकू यावं म्हणून. स्वतः दूर जाऊन नारळाच्या झावळ्या बघत उभा राहिला.

“रिद्धी, माझी मुलगी... साडेतीन वर्षांची. आईजवळ असते,” मी फोन ठेवून म्हटलं. “तिचे बाबा वेगळे राहतात. कायमचे.”

का सांगितलं, कोण जाणे.

दुसऱ्या आठवड्यात लाल दिवा पुन्हा लागला. मी गेले, तर मशीन आरशासारखी लखलखत होती! आकडे पुन्हा ठीक, कोड पुसला, परत आले... आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा दिवा. असं होतच राहिलं. ऑफिसात आमचे प्लासिड सर म्हणाले, “रुचिता, तुझा पायगुणच तसा दिसतोय! आता शेवटचं जाऊन ये. नाही सापडलं, तर मी डिलनला पाठवतो.”

बसमध्ये मी खिडकीशी बसून हिशेब मांडत होते. नाही सापडलं तर डिलन जाणार. सापडलं तर कुणालाच जायची गरज नाही. दोन्हीकडून आगाशी संपतच होती.

“आज वायर हलवून बघायची,” मी केबिनमध्ये बसत म्हटलं. “तुम्ही खाली एकेक वायर हलवा, मी स्क्रीन बघते. आकडा उडाला की सांगते.”

खालून त्याचा आवाज आला. “आता?”

“नाही.”

“आता?”

“नाही...”

“रिद्धीचा खोकला गेला?”

“गेला. वायर हलवा!”

“हलवतोय ना. आता?”

आकडा टुणकन उडाला. “थांबा! तीच!”

मी खाली उतरले, जोड उघडला. आतलं रबर चिरलेलं होतं आणि माझ्या तळहातावर टपकन एक थेंब पडला. पाणी! पाऊस जाऊन महिने झाले होते. पाणी आलं कुठून?

“हरेश... मशीन कधी धुता?”

तो बुटाने माती उकरायला लागला. “इथलं काम चालू करताना नारळ फोडला, तवा धुतली. तुमची ओढनी बरबटली, त्या आठवड्यात परत धुतली. मग...”

“मग?”

“मग तुम्ही येनार असलात की. सकाळीच. प्रेशरच्या पाइपानं.” कान लालबुंद. “ओढनीला पुन्हा चिखल नको म्हनून.”

म्हणजे तो माझ्यासाठी धुवायचा, पाणी आत झिरपायचं आणि दुसऱ्या दिवशी दिवा लागायचा! मी हसत सुटले. हसता हसता डोळे भरले, ते त्याला दिसू नयेत म्हणून खाली वाकून नवं रबर बसवलं.

आता दिवा लागणार नव्हता.

“म्हनजे... तुम्ही परत येनार नाय.”

मी बॅगेची चेन लावली. पुन्हा उघडली. पुन्हा लावली.

“मला भीती वाटते, हरेश. एकटी असते तर गोष्ट वेगळी होती. आज नीट चालतंय ते उद्या बंद पडलं तर... रिद्धीला काय सांगू?”

तो जवळ आला नाही. होता तिथूनच म्हणाला, “पयल्या दिवशी तुमचा फोन वाजला ना, तवापासून मी या मशीनवर तुमचा फोन ऐकायला एक कान ठेवूनच बसतो. घाई नाय. मी मधूनमधून इचारीन. तुम्ही ‘नाही’ म्हना. मी परत इचारीन.”

वाडीत कुठेतरी नारळ पडल्याचा धप्प आवाज झाला. मी बॅग खांद्यावर घेतली. चार पावलं गेले, आणि वळले.

“रविवारी रिद्धीला बावखल दाखवायला आणते. मशीन धुऊ नका. तिला चिखलच आवडतो.”

“आनि तुम्हाला?”

मी चालू लागले. फाटकापर्यंत पोचले, तेव्हा मागून आवाज आला—

“आता?”

मी ओढणी सावरली... आणि वळून न बघताच हात उंच करून म्हटलं, “थांबा! तीच!”