हुबेहूब अक्षर

माझे धाकटे दीर माझ्याच ऑफिसात कोड लिहायचे. सासूबाई, ते आणि आम्ही नवराबायको एकाच घरात राहायचो. हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या घंटांचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. रुग्णाचा श्वास मंदावला की नर्सच्या टेबलावर घंटा वाजायची.

भावजींना खोड्यांचं व्यसन. ऑफिसात शेजारी बसणाऱ्याच्या कोडमधला अर्धविराम काढून तिथे ग्रीक प्रश्नचिन्ह ठेवायचे. दिसायला दोन्ही सारखीच, पण कॉम्प्युटर अडून बसायचा. शेजारी दिवसभर डोकं आपटायचा, आणि संध्याकाळी भावजी त्याला चहा पाजून गुपित सांगायचे.

मग एका दुपारी कोपऱ्यातल्या खाटेची घंटा वाजलीच नाही. तिथल्या बाई जेमतेम वाचल्या. शोधल्यावर कळलं, खाटेच्या नावातल्या एका इंग्रजी अक्षराच्या जागी हुबेहूब तसंच दिसणारं रशियन अक्षर होतं. सॉफ्टवेअरच्या लेखी ती खाट उरलीच नव्हती.

सगळ्यांनी भावजींकडे पाहिलं.

"वहिनी, माणसाच्या जिवाशी खेळेन का मी?" त्यांचा चेहरा उतरला होता.

अक्षर दुरुस्त केलं. सकाळी दुसऱ्या खाटेचं बदललेलं. भावजींचा पासवर्ड बंद केला, तरी बदलतच राहिलं. शेवटी ते स्वतःच सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसले. पडद्याला नाक लावून एकेक ओळ वाचत होते. मी चहा घेऊन गेले, तर मागे न वळता म्हणाले, "मी पुसतोय तसतसं पलीकडून कोणीतरी लिहितंय."

संध्याकाळी बाहेर आले ते हसतमुख. "झालं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर एकही घंटा चुकली नाही. भावजींनी खोड्या सोडल्या. वेळेवर घरी येऊ लागले, जेवल्यावर स्वतःचं ताट उचलू लागले. मला हायसं वाटलं. फक्त मला हाक मारण्याआधी ते क्षणभर थांबायचे.

परवा सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लहानपणी झोपाळ्यावरून पडला तेव्हा हनुवटीला खोक पडली होती. टाके घातले होते."

"हो ना."

"आता व्रण नाहीये."

आतल्या खोलीत भावजी शीळ घालत होते.

"कुणापाशी बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "गुणी आहे हा."

त्यांनी देठं गोळा केली.

"पहाटे बाहेरून कोणीतरी आई, आई करत होतं. आवाज त्याचाच. मी कडी काढली नाही."