पिवळा फटकारा, निळा फटकारा

सगळं जग चित्र पुढून बघतं. विशाखा मागून बघायची.

वेंगुर्ल्याच्या त्या एवढ्याशा आर्ट गॅलरीत संभाजीनगरहून आलेली बसभर मंडळी हात मागं बांधून, मान तिरकी करून समुद्राची चित्रं बघत होती. आणि ही मुलगी पिवळी ओढणी खांद्यावरून मागं टाकून, एक फ्रेम भिंतीपासून अलगद पुढं ओढून तिच्या पाठीमागं डोकावत होती.

"अहो... चित्र पुढच्या बाजूला आहे."

मागून आलेल्या त्या आवाजात हसू होतं. विशाखानं वळूनही पाहिलं नाही.

"असू द्या. मला खिळे बघायचेत. आणि मागचा पुठ्ठा. समुद्राच्या काठाला कुणी असला साधा पुठ्ठा लावतं व्हय? दोन पावसाळ्यांत बुरशी धरंल. लई वाईट काम केलंय कुणीतरी."

"हे लई वाईट काम... मीच केलंय."

आता मात्र ती वळली. उंच, सडपातळ, निळा शर्ट, बाह्यांवर रंगाचे डाग. आपला गुन्हा कबूल करताना इतकं गोड हसणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला. पण तिला अडकवलं ते त्याच्या तोंडी अगदी घरच्यासारख्या बसलेल्या त्या 'लई'नं.

"तुम्ही इकडचे नाही वाटतं."

"कन्नड तालुक्यातला. सुमेध. आणि तुम्ही?"

"क्रांती चौक. म्हणजे चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं फ्रेमचं दुकान आहे. मी विशाखा."

"घ्या! एक एसटी पकडली असती तर दीड तासात भेट झाली असती. त्यासाठी पार समुद्रापर्यंत यायचं का माणसानं?"

"मी कुठं तुम्हाला भेटायला आले?" विशाखा म्हणाली. म्हणाली खरी, पण परत भिंतीला टेकवताना फ्रेम वाकडी बसली.

खरं तर या सहलीला तिचे बाबा, कडूबा, यायचे होते. शहरातल्या चित्रकार मंडळींनी नाताळच्या सुट्टीत कोकणातल्या गॅलऱ्या आणि चित्रकारांची घरं बघायला बस केली होती, आणि ज्यांच्या चित्रांना आयुष्यभर चौकटी घातल्या त्या कडूबांनाही अगत्यानं बोलावलं होतं. ऐनवेळी त्यांची कंबर धरली. "जा गं तूच. समुद्र तरी बघशील," म्हणाले. सुमेध वेंगुर्ल्यात आजगावकर मास्तरांकडं जलरंग शिकायला येऊन राहिला होता. बसमधल्या पाहुण्यांना स्टुडिओ दाखवत फिरायचं काम मास्तरांनी त्याच्याच गळ्यात घातलं, आणि त्यानं ते फार आनंदानं घालून घेतलं.

मग काय! जांभ्या दगडाच्या घरात लाकडी मुखवटे कोरणाऱ्या आजोबांकडं गेले. जुन्या गोठ्यात भलेमोठे कॅनव्हास टांगून बसलेल्या एका बाईंकडं गेले. सगळीकडं माडांची सावली, ओल्या मातीचा नि जवसाच्या तेलाचा वास, आणि कुठूनतरी लाटांचा आवाज. विशाखा प्रत्येक चित्राची पाठ बघायची, आणि सुमेध... सुमेध विशाखाकडं बघायचा.

"पास की नापास?" तो हळूच विचारायचा.

"काठावर पास."

"आणि मी?"

"तुमचा निकाल राखून ठेवलाय."

शेवटच्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांना किनाऱ्यावर नेलं. रापण ओढणं चाललं होतं. लांबलचक जाळ्याची दोन टोकं धरून गावची माणसं वाळूत पाय रोवून मागं सरकत होती. सुमेध कागद टेकवून खाली बसला. विशाखा त्याच्याशेजारी, दोघांच्या मध्ये पाण्याची बाटली.

"ह्या माणसांक काढूक बसू नको," मास्तर मागून म्हणाले. "एक फटकारो, वर एक टिंब. झालो माणूस!"

सुमेधनं तसं केलं आणि खरंच, एका फटकाऱ्यात पाठ वाकलेला कोळी उभा राहिला. विशाखाला टाळी वाजवावीशी वाटली. पण कागदाच्या कडेकडं तिचं लक्ष गेलं. तिथं तपकिरी, हिरवा, निळा... नुसते ओरखडे.

"कडा किती घाण करता हो!"

"रंग आधी कडेला विचारून घ्यायचा असतो. शोभतोस का, जमेल का... एकदम चित्रात विचारायची हिंमत होत नाही माझी."

"भित्रे आहात."

"आहे," तो म्हणाला. आणि तिच्या वाऱ्यानं उडणाऱ्या पिवळ्या ओढणीकडं तो इतका वेळ बघत राहिला, की तिला पाण्याची बाटली उघडून उगाचच दोन घोट प्यावे लागले.

संभाजीनगरला परतल्यावर फोन सुरू झाले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. तो समुद्राचा आवाज ऐकवायचा, ती करवतीचा. एकदा त्यानं सांगितलं, मास्तर म्हणतायत इथंच राहा, हा स्टुडिओ तूच चालव. मार्चमध्ये संभाजीनगरला माझं प्रदर्शन आहे, ते झालं की कळवतो म्हणालोय.

"मग? काय कळवणार?" विशाखानं विचारलं.

"ते... एका माणसावर आहे."

फोन ठेवल्यावर ती दुकानाच्या आरशांच्या विभागात गेली आणि तिला एकदम आठ-दहा विशाखा दिसल्या. सगळ्या हसत होत्या. त्याच दिवशी तिनं कडूबांना विचारलं, "बाबा, मला वेंगुर्ल्याला पाठवाल?"

कडूबांनी चष्म्यावरून पाहिलं. "फ्रेमा लावायला, का नांदायला?"

ती लाजून आत पळाली. मुलीचं उत्तर त्यांना कळलं, आणि घरात निदान एका माणसाला तरी ते कळलं होतं हे चांगलंच झालं. कारण जिथं कळायला हवं होतं तिथं ते कधी पोचलंच नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी सुमेध चित्रांचं बाड घेऊन दुकानात आला. प्रत्यक्ष भेट किती महिन्यांनी! पण बाहेर टेम्पो उभा, कडूबा समोर, आणि उद्या सकाळी सगळं भिंतीवर लागायचं. त्यानं एक चित्र वेगळं काढून तिच्या हातात दिलं. तेच, रापणीचं.

"ह्याचा माऊंट तू स्वतः काप," तो म्हणाला. "कुठपर्यंत दाखवायचं, ते... तू ठरव."

माऊंट म्हणजे चित्र आणि काच यांच्यामधली पांढऱ्या पुठ्ठ्याची चौकट. ती किती आत घ्यायची हे फ्रेमवाले ठरवतात, आणि कडेचा बोटभर भाग तिच्याखाली जातोच. विशाखानं मान डोलावली. तिला वाटलं, केवढा विश्वास आहे ह्याचा माझ्या हातावर!

संध्याकाळी ती एकामागून एक माऊंट कापत गेली. सगळ्या चित्रांच्या कडा तशाच, रंगानं बरबटलेल्या. रापणीच्या चित्रातही वाळू संपते तिथं, अगदी कडेला, एक पिवळा फटकारा होता आणि त्याला लागून एक निळा. ती स्वतःशीच हसली. सुधारायचा नाही हा माणूस, म्हणाली. पट्टी लावली, पातं फिरवलं, आणि स्वच्छ पांढऱ्या पुठ्ठ्याखाली ती कड झाकून टाकली.

दुसऱ्या दिवशी कलादालनात गर्दी होती. सुमेध आला तो कुणाशी न बोलता थेट त्या चित्रासमोर जाऊन उभा राहिला. विशाखा शेजारी गेली. आज तिनं मुद्दाम तीच पिवळी ओढणी घेतली होती.

"माऊंट... तूच कापलास?"

"मग! दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाय. का, वाकडा गेलाय?"

"नाही," तो म्हणाला. "सरळ आहे. एकदम सरळ."

"कडेचं नको ते सगळं झाकून टाकलं बघ," विशाखा कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाली. "आता कसं छान दिसतंय."

तो हसला. हे हसू वेंगुर्ल्याचं नव्हतं. तिला वाटलं, दमला असेल. प्रदर्शन चाललं तितके दिवस ती वाट बघत राहिली, आज विचारेल, उद्या विचारेल... ते चित्र दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक अनसूया मॅडमनी घेतलं, बाकीचीही गेली, आणि एका सकाळी त्याचा मेसेज आला, 'निघालोय. मास्तरांना हो म्हणालो. काळजी घे.' एवढाच. तिला राग आला. तिनंही लिहिलं, 'शुभेच्छा.' बाईमाणसानं आपणहून विचारायचं का, असं ती स्वतःला बजावत राहिली. आणि उशी भिजवत राहिली, तेही सांगायला हवं.

फोन विरळ झाले, मग थांबले. पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्याच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली. वधू तिकडचीच होती. विशाखानं अभिनंदनाचा अंगठा पाठवला आणि दिवसभर एकही कोपरा तिला काटकोनात जुळवता आला नाही.

यंदाच्या ऑगस्टमध्ये अनसूया मॅडम रिक्षातून उतरल्या. निवृत्त प्राध्यापिका, बोलायला गोड. हातात कापडात गुंडाळलेली फ्रेम.

"भिंतीला ओल आली गं. बघ, काचेच्या आतून पांढरे ठिपके दिसतायत. माऊंट खराब झालाय. चित्र वाचव माझं."

रापण. विशाखानं फ्रेम पालथी घातली. तिचेच खिळे, तिचीच टेप. मॅडम गेल्यावर तिनं मागचा पुठ्ठा काढला, मग जपून माऊंट उचलला.

इतकी वर्षं उजेड न लागलेली ती कड तशीच ताजी होती. पिवळा फटकारा, निळा फटकारा. आणि पिवळ्याच्या वर... एक टिंब. निळ्याच्याही वर. दोघांच्या पायांशी, वाळूवर, एकच लांब सावली.

रंग तपासताना सावली कोण काढतं?

विशाखाला त्याचे शब्द आठवले. कुठपर्यंत दाखवायचं ते तू ठरव... आणि तिनं ठरवलं होतं! वर तोंडानं सांगितलंही होतं, नको ते सगळं झाकलं म्हणून. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं, आणि कडूबा समोर नव्हते म्हणून ती रडलीही.

मग तिनं फोन लावला.

"विशाखा?" तोच आवाज. मागं तोच समुद्र. "बोल ना. किती दिवसांनी..."

"रापणीचं चित्र आलंय. फ्रेम बदलायला."

"उघडलंस?"

"उघडलं. सुमेध... मला वाटलं, रंग तपासलेत रे. खरंच तसंच वाटलं."

"आणि मला वाटलं, नाही म्हणालीस."

"मी तर बाबांना सांगून बसले होते."

"काय?"

"काही नाय. सोड."

"कडेला नव्हतं विचारायला पाहिजे," तो हळूच म्हणाला. "तूच म्हणाली होतीस. भित्रा."

"मी कुठं शूर? मी तरी कुठं विचारलं?"

मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, मोकळा, हसरा. "अवो, सुंगटा घेव काय? मासळीवाली उभी आसा!"

"घे... घे," तो फोन बाजूला धरून म्हणाला. त्या आवाजात माया होती. विशाखाला ती ऐकू आली, आणि ती आहे याचं बरंही वाटलं, आणि फार दुखलंही.

"ठेवते," ती म्हणाली. "मागचा पुठ्ठा आता चांगला लावते. तुझ्यासारखा नाय."

"विशाखा... माझा निकाल? राखून ठेवला होतास."

"पास होतास," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी." आणि तिनं फोन ठेवला.

नवा माऊंट तिनं सावकाश कापला. दोन दिवसांनी मॅडम आल्या, चष्मा सावरून चित्रावर वाकल्या.

"अगं, ही दोघं कोण? आधी नव्हती ही!"

"होती, मॅडम. मागच्या वेळी कापताना चुकलं माझं."

"छान वाटतायत. किती जवळ उभी आहेत. नवरा-बायको असतील, नाही?"

विशाखानं चित्र जुन्या कापडात गुंडाळलं आणि सुतळीची गाठ मारली. ती गाठ जरा जास्तच घट्ट बसली.

"नाही, मॅडम. बोलायचं राहिलंय त्यांचं."