वरच्या कप्प्यातली बरणी

पीठ पळून चाललं होतं.

पाववाली भटारखान्याच्या दारातच थबकली. आदल्या संध्याकाळी तिने घमेलंभर पीठ मळून झाकून ठेवलं होतं, अगदी घरच्या मापाने आणि घरच्या वेळेने. तिच्या थंड डोंगरगावात असं पीठ रात्रभर शहाण्या मुलासारखं हळूहळू फुगायचं. इथे ते झाकण ढकलून, टेबलावरून उतरून, मोरीच्या दिशेने निघालं होतं. नव्या नोकरीचा पहिला दिवस, नवा देश, भिंतींनाही घाम फुटेल असा उकाडा… आणि हे.

"आई गं," म्हणत तिने जमिनीवरच बसकण मारली.

"अहो, बसताय काय, पकडा त्याला. मोरी तुंबली तर मलाच बोलावतील," मोठ्या फ्रीजच्या मागून कोणीतरी म्हणालं. तेही चक्क मराठीत.

पीठ गेलं खड्ड्यात. विमानातून उतरल्यापासून तिने आपल्या भाषेतला एक शब्द ऐकला नव्हता, आणि आता फ्रीज मराठी बोलत होता. मग मागून एक डोकं वर आलं. घामाने कपाळाला चिकटलेले केस, कानावर पेन्सिल, आणि ओठ दाबून धरलेलं हसू.

"मी हॉटेलचे फ्रीज आणि एसी दुरुस्त करतो. घरचे मला थंडोबा म्हणतात."

"धंद्यामुळे?"

"नाही हो. धंद्याच्या आधीपासून." तो सावकाश उठला, सावकाश फडकं शोधलं आणि तितक्याच सावकाश तिच्याबरोबर पीठ गोळा करू लागला. तोवर पिठाने मोरी गाठली होती.

पुढचे काही दिवस पाववालीला धक्क्यांवर धक्के बसत राहिले. डबीतल्या मिठाचं पाणी झालं. नव्याकोऱ्या चामड्याच्या चपलांवर हिरवी बुरशी उगवली. आरशामागून निघालेली पाल तिच्याइतकीच दचकली. रोज दुपारी तासभर धो धो पाऊस पडायचा, मग लख्ख ऊन, जणू काही घडलंच नाही. वाळत घातलेली ओढणी मात्र चार दिवस ओलीच. परदेशातून आलेल्या नोकरांसाठी हॉटेलच्या मागे एक इमारत होती. तिथे तिसऱ्या मजल्यावर तिची खोली होती. दोन दारं सोडून थंडोबाची.

त्याला तिच्या एसीची फारच काळजी.

"बरा चाललाय ना?" तो दारातून विचारायचा.

"कालच तर बघून गेलात."

"हो, पण यंत्राचा भरवसा काय?"

"यंत्राचा… की यंत्रवाल्याचा?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. ती हसू लपवायला उगाच खिडकी पुसायची. एकदा गप्पांच्या ओघात तो म्हणाला, की तीन वर्षांत त्याने घरच्यासारखं, आंबवलेल्या पिठाचं काही खाल्लेलं नाही. ती बोलून गेली, "घालीन एकदा करून." बोलून गेली आणि कामाच्या रगाड्यात विसरली.

कामाचा रगाडा म्हणजे साधा नव्हता. हॉटेलच्या व्यवस्थापक, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी तिला बोलावलं होतं ते एका विशिष्ट पावासाठी. तिच्या आजोबांनी धरलेल्या खमिराचा पाव. आंबट पिठाची ती बरणी तिच्या घराने दोन पिढ्या जिवंत ठेवली होती, रोज मूठभर मैदा आणि पाणी घालून. बाबांचे गुडघे गेले, भट्टी बंद झाली, तेव्हा त्यांनी होतं नव्हतं ते सगळं खमीर लेकीच्या हवाली केलं होतं. "भट्टी गेली तरी हे जगव," एवढंच म्हणाले होते. येत्या शनिवारी मोठ्या बाई पाव चाखणार होत्या. आवडला तर नोकरी पक्की, नाहीतर परतीचं तिकीट.

खोलीतल्या उकाड्यात खमीर दर दोन तासांनी झाकण उडवायला लागलं, तसं तिने ते मजल्यावरच्या सामायिक फ्रीजमध्ये ठेवलं. वरचा कप्पा रिकामा होता. बरं झालं, असं तिला वाटलं.

त्याआधीच्या रविवारी सकाळी तिने फ्रीज उघडला. बरणी जागेवर होती. लख्ख घासलेली. आत खमिराचा थेंबही नव्हता. होतं ते एक टपोरं लाल फूल.

ती फुलाकडे बघत राहिली. मागे पावलं वाजली.

"काही बोलू नका," थंडोबा म्हणाला. तो इतका खूश होता की चक्क भरभर चालत आला होता. "कळलं मला. वरच्या कप्प्यात बरणी दिसली, झाकण उघडलं, आणि त्या वासाने… डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. कांदा चिरला, मीठ घातलं, तव्यावर पातळ पसरलं. काय जाळी पडली होती…"

"तू खाल्लंस?"

"सगळं. म्हणजे… माझ्यासाठीच होतं ना?"

"तू माझ्या आजोबांना खाल्लंस," ती म्हणाली. ती एकेरीवर आलीये हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. थंडोबाचा हात आपोआप पोटावर गेला.

मग सगळा उलगडा झाला. मजल्यावरचा जुना रिवाज असा, की वरचा कप्पा सगळ्यांचा. ज्याने जास्तीचं केलं त्याने तिथे ठेवायचं, भुकेल्याने न विचारता खायचं आणि भांडं घासून परत ठेवायचं. घर सोडून आलेल्या माणसांनी एकमेकांसाठी केलेली सोय होती ती. नव्या पाववालीला ती सांगायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"मी आजच तिकीट काढतो," बाहेरून आवाज आला. "तुमच्या बाबांकडून परत थोडं घेऊन येतो."

"त्यांच्याकडे नाहीये. सगळं मला दिलं होतं." आणि मग तिला रडू कोसळलं. नोकरी जाणार म्हणून नव्हे. बाबांनी आयुष्यात एकच गोष्ट सांभाळायला दिली आणि ती आपण कुठल्या तरी कप्प्यात ठेवून घालवली, म्हणून. तो बाहेर उभाच होता. जात नव्हता. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि दार उघडलं.

"मैदा आण," ती म्हणाली. "नवीन धरू."

"जमेल शनिवारपर्यंत?"

"घरच्या थंडीत पंधरा दिवस लागले असते. इथे… काय माहीत."

मैदा, पाणी आणि वाट बघणं, एवढाच तो उद्योग. दुसऱ्या दिवशी बरणीला न धुतलेल्या मोज्यांसारखा वास सुटला. थंडोबा हादरला, पण तिने सांगितलं, होतं असं, थांब. ती कामावर असली की तो खुराक घालायचा आणि तिला भटारखान्यात येऊन बातमी द्यायचा. एका दुपारी बाहेर पाऊस कोसळत असताना दोघं बरणीवर वाकले होते. आत एक बुडबुडा फुटला. मग दुसरा. दोघं एकदम आणखी खाली वाकले आणि डोकी टणकन आपटली.

"लागलं?" तो म्हणाला. पण मागे सरला नाही.

"नाही." तीही नाही सरली.

"एक सांगू? मला वाटलं होतं, तू ते माझ्यासाठी ठेवलंयस. चुकीचंच वाटलं… पण खाताना मी जितका खूश होतो ना, तितका इथे आल्यापासून कधी नव्हतो."

ज्या माणसावर आयुष्यभर रागवायचं ठरवलं होतं, त्याच्यावर आठवडाभरही राग टिकेना, याचाच तिला मोठा धक्का बसला होता. गुरुवारी बरणीतलं पीठ दुपटीने फुगलं, तेव्हा आनंदाने तिने त्याचा हात धरला आणि सोडायला जरा उशीरच केला.

शनिवारी पाव भट्टीतून निघाला. आजोबांचा नव्हता तो. वास निराळा, आंबटपणा थोडा जास्त, कवच कुरकुरीत. मोठ्या बाईंनी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा घेतला, आणि लोणीही लावलं. "नोकरी पक्की," त्या तोंडातला घास न संपवताच म्हणाल्या.

मोठ्या बाई गेल्या. आता खरं संकट होतं. तिने बाबांना फोन लावला, स्पीकर चालू करून मोबाइल टेबलावर ठेवला आणि आठवडाभर लपवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. थंडोबा समोर मान खाली घालून उभा होता.

पलीकडे बाबांनी खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

"कच्चं खाल्लं?" बाबांनी विचारलं.

"नाही, भाजून. कांदा घालून."

"कसं झालं होतं?"

थंडोबाने दचकून वर पाहिलं. "काका… खोटं कशाला बोलू, फार सुरेख झालं होतं."

बाबा खो खो हसत सुटले. "अरे, आम्ही जन्मभर त्याला जपलं, पण चाखून बघायची कुणाची छाती झाली नाही." हसता हसता त्यांचा आवाज जरा ओला झाला. "असू दे पोरी. तिथल्या हवेत जन्मलेलंच तिथे टिकेल. पण हा मुलगा कोण म्हणायचा?"

शेजारी, असं ती सांगणार होती. जिभेवर तोच शब्द होता.

"मी याच्याशी लग्न करणार आहे," ती म्हणाली.

तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. थंडोबाच्या हातातला पाव खाली पडला आणि तो उचलायचं त्याला भान राहिलं नाही.

"अगं," तो कसाबसा म्हणाला, "मला विचारलं तरी होतंस का?"

"तू तरी खाताना कुठे विचारलं होतंस?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. मग तो हसला, आणि त्याने जन्मात पहिल्यांदाच कसलाही वेळ न लावता तिचे पीठभरले हात हातात घेतले. टेबलावर बाबा केव्हाचे "हॅलो, हॅलो" करत होते.