काठापर्यंत येणारी हाक

त्या दिवशी बाबा डबा विसरले नसते, तर रंजिता धरणावर गेलीच नसती. आणि पाण्याचे नमुने घ्यायला गोंदियाहून आलेला बुद्धभूषण तिला भेटलाच नसता.

तिचे बाबा धरणात मासे धरत; नाव खुशाल. ते त्याला आपल्या छोट्या डोंगीतून पाण्यात आत नेत. डोंगीत लाइफ जॅकेट होतं, पण ते अंगात नाही, बाबांच्या बुडाखाली. गादी बरी आहे म्हणत. घाला ना ते... रंजिताच्या ओठांवर कितीदा आलं होतं. बाबा हसतील म्हणून ती गप्प राही.

पाणी किती गढूळ आहे ते बघायला बुद्धभूषणने दोरीला बांधलेली पांढरी तबकडी खाली सोडली. ती दिसेनाशी झाली तसे बाबा ओरडले, "गेली!" वर येताना ती दिसली की "दिसली" म्हणायचं. हाक काठापर्यंत ऐकू येई. पण त्या दिवशी 'दिसली' जरा उशिरा आली, आणि तिच्यामागून बाबांचा टोमणा — "साहेब, तबकडी पाण्यात आहे. काठाकडे काऊन पाहून राहिले?"

रंजिताने डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं.

जेवताना त्याने विचारलं, "भाजी तुम्ही केली?"

"नाही. मीठ फक्त मी टाकलं."

"म्हणजे जास्त झालंय ते तुमचं."

"पाणी तपासायला आलात ना तुम्ही... भाजी नाही."

बाबा पोट धरून हसले.

त्याच संध्याकाळी ते एकटेच जाळं काढायला गेले, आणि वारा सुटला. जॅकेट तेवढं तरंगत काठाला लागलं.

बुद्धभूषण दर महिन्याला येत राहिला. येताना तिच्यासाठी पुस्तक आणी. बोलत बसले की तो मुद्दाम पाण्याच्या बाजूला बसे, तिला पाणी दिसू नये म्हणून. पण बाबांच्या जागी आता दुधरामकाका त्याला नेत; त्यांच्या डोंगीत तो आत गेला की ती कान लावून बसे. 'गेली'नंतर 'दिसली' येईपर्यंत ती पुस्तकाचं पान उलटत नसे.

आज 'गेली' ऐकू आलं. मग... काहीच नाही.

वारा वाढला. बेशरमाच्या झुडपांपलीकडे डोंगी दिसेना. तिने त्याला हाक मारली, पुन्हा मारली. बाबा गेल्यापासून त्या पाण्याला तिने पाय लावला नव्हता. आता ती गुडघाभर आत उभी होती आणि ते तिला कळलंही नव्हतं.

झुडपांमागून डोंगीचं टोक निघालं.

"दोरी तुटली, पोरी," दुधरामकाका म्हणाले. "तबकडी तळाले गेली. दिसली कायची म्हणू?"

बुद्धभूषण हसत होता. उकाड्याने काढून ठेवलेलं जॅकेट त्याच्या बुडाखाली होतं.

डोंगी जवळ येताच तिने ते ओढून काढलं, त्याच्या खांद्यांवर चढवलं. पट्टा लावून घट्ट ओढला. त्याचं हसू विरलं. त्याच्याशी ती नेहमी जपून, पुस्तकी भाषेत बोले. आज घरची बोली आली.

"बाबाले कधीच म्हटलं नाही मी... तुम्हाले म्हणून राहिली. हे घालत जा. मले तुम्ही पाहिजे. परत आलेले पाहिजे."