तुझ्या एकटीसाठी

त्या वर्षी समृद्धीनं ठरवलं होतं, की दर रविवारी फारसा कुणी न ऐकलेला एक अल्बम सबंध ऐकायचा आणि त्यावर लिहायचं. धाराशिवच्या एका लॅबमध्ये ती रक्त-लघवी तपासायची, आणि गाण्यांवरही तशीच लिहायची, नमुना तपासल्यासारखी. आवाज कुठं दबलाय, ढोलकी उगाच कुठं पुढं आलीय, कोणत्या गाण्यात गायकाचं मन नव्हतं. उमरग्याकडच्या दोन बहिणींनी निम्म्या कानडीत गायलेल्या ओव्या झाल्या, वाशीच्या गोंधळ्यांची कॅसेट झाली, कळंबच्या एका मास्तरांनी मोबाइलवरच तयार करून इंटरनेटवर टाकलेला अल्बम झाला. तिचं पान वाचणारे मोजकेच होते, पण कुठली कुठली माणसं आपल्या माळ्यावरच्या कॅसेटींबद्दल तिला कळवू लागली होती.

दिवाळी झाल्यावर ती तेरखेड्याला गेली. फटाक्यांचा हंगाम संपला होता, रस्त्यावर शोभेच्या दारूचा वास तेवढा उरला होता. वीरप्पा नावाच्या म्हाताऱ्या दुकानदाराचा पूर्वी लाउडस्पीकरचा धंदा होता. एका खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगून, आसपासच्या गाणाऱ्यांना तिथं बसवून तो त्यांच्या कॅसेटी काढायचा. त्यानं भुईनळ्यांच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी तिच्यापुढं ठेवल्या.

"यात तुमच्या अण्णांची बी हाय," तिचं माहेर कळल्यावर तो म्हणाला. "त्यांच्याकडची तुटली म्हणं. दुसरी हुडका, म्हणून लई दिवस मागं लागलेत. ही एकच राहिली, बाकीच्या उंदरांनी खाल्ल्या. तुमीच द्या त्यांना."

आपल्या वडिलांची कॅसेट आहे, हे समृद्धीला तिथं कळलं. अण्णा म्हणजे महारुद्र, तेरला राहायचे, शेत बघायचे आणि भजनात पेटी वाजवायचे. आई गेल्यापासून एकटेच होते. कॅसेटच्या कागदावर त्यांचा काळ्या केसांचा फोटो होता, आणि वर छापलं होतं, 'पाळणे'.

रविवारी सकाळी तिनं ती लावली. नेहमीसारखी कॉम्प्युटरवर नक्कलही करून घेतली. पहिले दोन पाळणे साधे होते. तिसऱ्याला पेटीचा सूर निघाला आणि तिचा लिहिता हात थांबला.

*नीज गं समृद्धी, तेरणेच्या काठी,*
*चांदणं आणलं बाई, तुझ्या एकटीसाठी.*

हे तिचं गाणं होतं. ती जन्मली त्या रात्री ओसरीवर बसून अण्णांनी ते रचलं, आणि तिच्याशिवाय कुणापुढंही कधी म्हटलं नाही, असं ते लहानपणापासून सांगत आले होते. लग्नात निघताना त्यांनी तिच्या कानाशी तेवढंच गुणगुणलं होतं. बाकी अण्णा अबोल माणूस. शाळेत कधी आले नाहीत, निकाल कधी विचारला नाही. समृद्धीनं कधी तक्रार केली नव्हती, कारण तिच्याजवळ ते गाणं होतं.

तिनं कागद उलटा केला. छापलेलं साल तिच्या जन्माच्या आधीचं होतं.

छापताना चूक झाली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. गाण्यामागं एक तान्हं लेकरू हुंकार देत होतं. ते आपणच असू, असंही सांगून पाहिलं.

लिहिण्याआधी दुसऱ्यांदा ऐकायचं, हा तिचा नेमच होता. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिनं कॅसेट लावली. कडवं संपलं, पेटी क्षणभर थांबली आणि मागून लहान मूल स्पष्ट म्हणालं, "अण्णा."

तिनं यंत्र तपासलं. पट्टा ठीक होता, वेग ठीक होता. कॉम्प्युटरवरची नक्कल लावून पाहिली. तिथंही तेच. नक्कल आदल्या दिवशी केलेली होती, आणि तिला कुणी हात लावलेला नव्हता.

पुढच्या वेळी ती मुलगी शेवटची ओळ सोबत म्हणू लागली, बोबडी. त्याच्या पुढच्या वेळी बोबडी राहिली नव्हती. समृद्धीचा नवरा रुद्रेश दारात उभा राहून ऐकत होता.

"यात तान्हं लेकरू होतं ना?" त्यानं विचारलं.

तिनं यंत्र बंद केलं. त्यानंतर कॅसेट चालू असली, की तो त्या खोलीत येईनासा झाला.

आणि एका संध्याकाळी गाणं संपल्यावर कॅसेटमधली मुलगी हसली. मोठ्या बाईसारखी, आत श्वास ओढून. समृद्धी तशी हसायची. तिनं कॅसेट काढून पर्समध्ये टाकली आणि दुसऱ्या दिवशी रजा घेऊन तेरची एसटी पकडली.

अण्णा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. तिच्या हातात कॅसेट दिसताच ते उठले. ती आल्यावर ते कधी असे लगबगीनं उठले नव्हते.

"सापडली का? आण इकडं."

तिनं दिली नाही. आधी साल दाखवलं. अण्णांनी ते पाहिलंही नाही, तिच्या मुठीकडंच बघत राहिले. मग खाली बसून त्यांनी सांगितलं ते थोडकंच होतं. आधी एक मुलगी झाली होती. तिचं नाव समृद्धी. गाणं तिचंच. रेकॉर्डिंगला तिला मांडीवर घेऊन बसले होते. त्याच उन्हाळ्यात ती तापानं गेली. नंतर ही झाली. आईनं तेच नाव ठेवलं.

"आणि मला सांगितलंत, माझ्यासाठी रचलं म्हणून."

"तू विचारायचीस सारखं. मग काय सांगावं?"

हेही तिनं सोसलं असतं. मेलेल्या लेकराचा राग कुणी धरत नाही. पण मग तिनं कॅसेटमधल्या हसण्याबद्दल सांगितलं, आणि अण्णांना नवल वाटलं नाही. त्यांचा चेहरा उजळला.

"हसली का? दिवाळीच्या आधी पट्टी तुटली, तवापासनं न्हाय ऐकली म्या."

त्यांना सगळं ठाऊक होतं. रोज दुपारी दार लावून ते ऐकत आले होते. आई दारात कुणाला जाऊ द्यायची नाही, अण्णा पाठांतर करतायत म्हणायची. कॅसेटमधल्या मुलीला पहिला दात आला तो कधी, ती पहिल्यांदा गायली ती कधी, अण्णांना सगळं पाठ होतं. समृद्धीला आठवलं, दहावीचा निकाल घेऊन ती त्याच बंद दाराबाहेर दुपारभर उभी होती. आतून अण्णा कुणाशी तरी हळू, लाडानं बोलत होते. शेजारचं एखादं लेकरू असेल, असं तिला वाटलं होतं.

"आणि मी?" तिनं विचारलं.

"तुझं सगळं झालं की. आई होती, शाळा झाली, चांगलं घर मिळालं." ते अगदी शांतपणे, समजूत घालावी तसं बोलत होते. "तिला माझ्याबिगर कोण हाय?"

समृद्धी पायऱ्या उतरली. अण्णा फाटकापर्यंत मागं आले.

"देऊ नको वाटलं तर नको देऊ. पण पुसू नको बाई. पुसली तर ती जाईल कुठं?"

घरी आल्यावर तिनं परीक्षण लिहायला घेतलं. *या अल्बमचा गायक खोटं गातो*, एवढं एक वाक्य झालं. ते तिनं खोडलं. मग कॉम्प्युटरवरची नक्कल काढून टाकली, कॅसेट यंत्रात घातली, रेकॉर्डची आणि प्लेची दोन्ही बटणं एकदम दाबली आणि समोर बसून राहिली. दोन्ही बाजू होईपर्यंत ती उठली नाही. रडली तेही तोंडावर पदर दाबून, कॅसेटमध्ये उतरू नये म्हणून.

नंतर वाजवून पाहिलं. पंख्याची घरघर होती. दुसरं काही नव्हतं.

अण्णांचा फोन यायचा बंद झाला. तिनं केला तर उचलला जाईना. मनातून राग निवला नव्हता, तरी रविवारी ती तेरला गेली.

भर दुपार होती. अंगणात तूर वाळत घातली होती. ओसरी सारवलेली होती, कडेनं रांगोळी होती. अण्णा दारात आले. दाढी केलेली, धोतर निळीतून काढलेलं. आई गेल्यापासून तिनं त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"या," ते म्हणाले. "कुणाकडं आलाव तुमी?"

"अण्णा, मी."

ते तिच्याकडं बघत राहिले. नजरेत राग नव्हता, भ्रम नव्हता. परक्या बाईकडं भल्या माणसानं बघावं, तसं ते बघत होते.

"अण्णा, मी समृद्धी."

"समृद्धीकडं आलाव व्हय?" ते मोकळं हसले. "बसा की, उनाचं आलाव. आतच हाय ती. च्या करायलीय."

आत स्टोव्ह बंद झाला. कपांचा आवाज झाला.

समृद्धी बसली नाही. तिला पुढंही जाता येईना. तिनं मान खाली घातली.

उंबऱ्याशी बायकी चपलांचा एक जोड काढून ठेवला होता. तपकिरी, डाव्या टाचेला आतून झिजलेला. तसाच जोड तिच्या पायात होता.