बुधवारचं बीपी

"हा डाग जायचा नाही." थोरलीने पांढरा कोट उजेडात धरून बघितला आणि परत काउंटरवर टाकला. "काय सांडलंत एवढं?"

"जांभळं औषध. एक पोरगी घशाला लावून घेईना. बाटलीच उडवली तिने."

"मग तिलाच पाठवायचं होतं. तिच्याकडून घासून घेतला असता."

तो हसला. "प्रयत्न तर करून बघा. मी बसतो."

"तुम्ही बसून काय होणार? डाग तुम्हाला बघून लाजून जाणार आहे?"

थोरलीची जीभ ही अशी, थेट आईवर गेलेली. धाकट्या दोघी लग्नं करून आपापल्या घरी सुखात होत्या. थोरली मागे राहिली ती इस्त्रीपाशी. कुणी तिला मागे ठेवली नव्हती. बाबा गेल्यावर लाँड्री ओढायला दुसरं होतं कोण? बाबा गेले तेही इस्त्री करता करताच. शर्टाची एक बाही झाली होती, दुसरी व्हायची होती. डोक्यातली नस फुटली म्हणे. डॉक्टर म्हणाले, बीपी असणार, बऱ्याच वर्षांचं. पण ते कधी कुणी मोजलंच नव्हतं.

तर हा कोटवाला बाकावर जाऊन बसला. बाकावर नेहमीसारख्या बायका होत्या. कुणी ऑफिसं झाडणारी, कुणी दुसऱ्यांची पोरं सांभाळणारी. कपडे मशीनमध्ये गरगरत होते आणि बायका त्यांच्याकडे बघत बसल्या होत्या. तो बायकांकडे बघत होता. थोरलीला राग आला. मग तिच्या लक्षात आलं, हा माणूस बघतोय ते सुजलेले पाय, धापा टाकणारी छाती आणि मांडीवरची किडकिडीत पोरं.

"मी पलीकडच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे," तो उठून काउंटरशी आला. "यातली एकही बाई मला तिथे कधी दिसली नाही."

"कशी दिसेल? तुमच्या रांगेत अर्धा दिवस जातो. अर्धा दिवस बुडवला की मुकादम दुसरी बाई उभी करतो. येतात की तुमच्याकडे... उचलून आणायची वेळ आली म्हणजे."

त्याने बाकाकडे मान वळवली. "आणि इथे रोज बसतात?"

"कपडे मळले की बसतात. कपडे पिळून निघेपर्यंत कुठे जाणार?"

पुढच्या आठवड्यात तो मोठ्या सिस्टरांना घेऊनच आला. केंद्राचा सगळा कारभार याच बाई बघत. त्यांनी थेट विचारलं, दर बुधवारी लाँड्रीच्या खिडकीपाशी एक टेबल टाकू का? बीपी, साखर, पोरांच्या लशी. बायका एरवीही बसतातच, तर बसल्या बसल्या तपासून घेतील. जागा तुमची, माणसं आमची.

"माझ्या दुकानात सुया टोचणार?" आई कडाडली. "गिऱ्हाइकं पळवायला दुसरं काही सुचलं नाही?"

"आई," थोरली हळूच म्हणाली, "बाबांना असं कुणी बसल्या जागी विचारलं असतं तर?"

आईने पाठ फिरवली आणि चादरीच्या घड्या घालायला लागली. म्हणजे होकार. घडी घालता घालता तिने सुनावलंच, "मला मात्र कुणी हात लावायचा नाही. मी ठणठणीत आहे. कळलं की आजार होतो. कळत नाही तोवर माणूस बरा असतो."

पहिल्या बुधवारी टेबलापाशी कुणी फिरकेना. शेवटी थोरलीने हात पुसले आणि ती स्वतःच खुर्चीत जाऊन बसली. "मोजा. मी मरते का ते बघू दे यांना."

त्याने तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. कोपराच्या आत नाडी शोधताना त्याची बोटं थांबली... तिथेच थांबली. ऐकायला तो वाकला, तशी त्याच्या कोटाला तिच्याच साबणाचा वास आला. रोज हजारदा घेतलेला वास. आजच असा का लागावा?

त्याच्या कपाळावर आठी पडली. "जरा शांत बसा. बोलू नका."

"ते जमायचं नाही."

"थोडा वेळ तरी."

तो पुन्हा वाकला. आठी गेली नाही. बायकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो म्हणाला, "जास्त आहे. घाबरू नका, एकदा मोजून काही ठरत नसतं. केंद्रात येऊन डॉक्टरांना दाखवा."

"बघू," ती म्हणाली आणि बायकांकडे वळून मोठ्याने ओरडली, "बघा! मेले नाही. या आता एकेक."

बायका आल्या, आणि मग येतच राहिल्या. कुणाला साखर निघाली, कुणाच्या पोराची लस राहिली होती. बुधवारी बाकांवर जागा मिळेना. केंद्रात त्याला सगळे ब्रदर म्हणत. बायकांनी त्याचा बीपीवाला केला. थोरली त्याला काहीच म्हणत नसे. ब्रदर तर मुळीच नाही.

दर बुधवारी तो तिचं बीपी मोजे. दर बुधवारी ते जास्तच निघे. दर वेळी तो म्हणे, केंद्रात या, डॉक्टरांना दाखवा. ती म्हणे, बघू. हा आळस नव्हता. डॉक्टरांच्या तोंडून एकदा ते ऐकलं की बाबांची अर्धी राहिलेली बाही डोळ्यांपुढून हलणार नाही, याची धास्ती होती. घरी ती एक शब्द बोलली नाही. फक्त मीठ कमी केलं.

"मीठ महाग झालंय का गं?" आई भाजीचा घास घोळवत म्हणे.

आणि बायका! त्यांचं तोंड कोण धरणार? "आमचा हात धरतो तेव्हा हा घड्याळाकडे बघतो. तुझा धरतो तेव्हा कुठे बघतो गं?"

"मशीन थांबलंय तुमचं. कपडे काढा आधी," थोरली खेकसे. पण कान तापलेले असत.

एका बुधवारी सगळं आवरून झाल्यावर तो घुटमळला. "एक विचारायचं होतं..."

"डाग तसाच आहे. तीनदा घासलाय."

"डागाचं नाही." त्याने पट्टा गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला. "बुधवार सोडून बाकीचे दिवस... मला जड जातात. तुम्हाला कसे जातात, एवढंच विचारायचं होतं."

थोरलीला उत्तर ठाऊक होतं. तेच तिने गिळलं.

"आमच्या आईला बघताय ना? इस्त्रीच्या टेबलापाशी एकटी राहिलेली बाई आहे ती. दिवसभर बोलते, कारण गप्प बसली तर रडेल. माझं काय होणार ते तुम्हीच दर बुधवारी मोजताय. तुम्हाला असं मागे ठेवून जायचं... नाही जमणार मला."

"अहो, गोळ्या असतात त्यासाठी! माणसं नातवंडं खेळवतात—"

"ते दुसऱ्यांना सांगा."

त्याने पट्टा पिशवीत टाकला. "माझ्यामुळे अवघडून तुम्ही या खुर्चीत बसायचं टाळणार असाल, तर पुढच्या बुधवारी मी येत नाही. पण तपासणी सोडू नका. माझं बाकी काही ऐकू नका, एवढं ऐका."

कोट तो विसरूनच गेला. की ठेवून गेला, कोण जाणे.

पुढच्या बुधवारी टेबलापाशी मोठ्या सिस्टर होत्या. थोरली खुर्चीत बसली. आज तिला ना बोलायचं होतं, ना भांडायचं. सिस्टरांनी पट्टा बांधला, मोजलं, पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या हाताचं मोजलं.

"तुझं जास्त असतं असं कोण म्हणालं?"

"तुमचे... ते."

"नेहमी तोच मोजतो? दुसऱ्या कुणी कधीच नाही?"

"नाही."

सिस्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओठ दाबून धरले तरी हसू डोळ्यांतून सांडत होतं. "काहींचं डॉक्टर बघून वाढतं. तुझं डॉक्टरला बघून नाही वाढत, एवढं मी सांगते. एकदम छान आहे गं पोरी तुझं बीपी. थोडे दिवस आमचं यंत्र घरी नेऊन खात्री कर, पण मला काळजी वाटत नाही."

बाकांवर आधी एक बाई फिसकन हसली, मग सगळा बाक हसला. थोरलीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

"कसलं बीपी?" आई चादर टाकून पुढे आली. "कुणाचं बीपी? कधीपासून?"

आणि मग सगळं बाहेर आलं. मीठ, बाबांची बाही, त्याला दिलेला नकार. आई ऐकत होती. इतका वेळ ती गप्प राहिल्याचं लाँड्रीत कुणाला आठवत नव्हतं.

"एवढं सगळं एकटीने पोटात ठेवलंस?" ती शेवटी म्हणाली. "मला का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणतेस ना... कळलं की आजार होतो."

आईने बाही वर केली. खुर्ची ओढली. धप्पकन बसली. "मोजा हो सिस्टर. आणि हसू नका, मला गुदगुल्या होतात."

सिस्टर हसल्या नाहीत. दोनदा मोजून त्यांचा चेहरा बदलला. आईचं खरोखरच वाढलेलं होतं, चांगलंच. "आजच डॉक्टरांना दाखवायचं. गोळी सुरू करू. वेळेत सापडलंय हो."

"वेळेत," आई पुटपुटली. कुणाच्या वेळेला हे टेबल नव्हतं ते तिने बोलून दाखवलं नाही. मग डोळे पुसून लेकीवर डाफरली, "आता उभी काय राहिलीस? तो कोट कोण पोचवणार?"

केंद्रात थोरलीने आईला डॉक्टरांच्या खोलीत बसवलं आणि घडी घातलेला कोट घेऊन कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेली. तो दचकून उठला.

"डाग गेला नाही," ती म्हणाली.

"राहू दे."

"मोजा." तिने हात पुढे केला.

त्याने मोजलं. चेहरा उतरला. "अजूनही जास्तच आहे हो..."

"सिस्टरांनी मोजलं. ठीक आलं. दोन्ही हातांचं."

"असं कसं होईल? यंत्र तर—" तो थांबला. तिच्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे. शिकलेला माणूस, पण गाडी अशी हळूहळू स्टेशनात आली. कान लालबुंद झाले. "म्हणजे हे... माझ्यामुळे?"

"नाही, खुर्चीमुळे!"

तो हसला नाही. पट्टा सोडायचाही विसरला. त्याची बोटं अजून तिच्या नाडीवर होती आणि नाडी थाऱ्यावर यायचं नाव घेत नव्हती. "मग आता... विचारू का पुन्हा?"

"जड जातात," थोरली म्हणाली. "बाकीचे दिवस. फार जड जातात."

आतून आईचा आवाज आला, भिंती भेदून. "डॉक्टर, गोळी मी घेईन. पण दर बुधवारी माझं तोच मोजणार. दुसऱ्या कुणाला मी हात देणार नाही, सांगून ठेवते!"