मंगळवारचं चुंबक

जांदिरावर प्रेम केलं तर एवांद्रोच्या पदरात काय पडणार होतं? मंगळवारची सकाळ. ब्राझीलमधल्या साओ कार्लोसच्या त्या प्रयोगशाळेत पदार्थाच्या आत डोकावणारं महाकाय चुंबक एकच आणि त्यावर डोळा ठेवून बसलेले ढीगभर. मंगळवार मात्र जांदिराचा, तिच्या पीएचडीसाठी राखलेला.

पण हा हिशेब तिनं फार उशिरा मांडला. पहिल्या दिवशी दारात उभा होता तो दातांचा एक भिजलेला डॉक्टर, हातात चीजच्या गरम पावांची पिशवी.

"घड्याळ काढा. पट्टा काढा. किल्ल्याही," ती म्हणाली. "चुंबकाजवळ धातू चालत नाही."

"पहिल्याच भेटीत एवढं? निदान नाव तरी सांगा..."

"पाटीवर आहे. वाचता येतं ना?"

"तुम्ही समोर असताना — नाही."

हसायचं नाही असं ठरवूनही ती हसली. चूक तिथंच झाली.

दातात भरायचं सिमेंट आतून कसं घट्ट होत जातं, हे त्याला पाहायचं होतं. तोंडात ते पाच मिनिटांत कडक होतं. पण चुंबकात त्यातल्या ॲल्युमिनियमचा संकेत पकडला, की आतली घडामोड कितीतरी दिवस चालूच दिसते.

"वरून दगड, आत चुळबुळ," तो तिच्याकडे बघत म्हणायचा. "माझ्यासारखंच."

तिनं एकेक करत सगळे मंगळवार त्याला देऊन टाकले. स्वतःचं काम पुढच्या महिन्यावर.

ओलं सिमेंट आधी प्लास्टिकच्या अस्तरात भरायचं आणि मग नळीत. कारण ती नळी चुंबकात भिंगरीसारखी फिरते, शीळ घालत; अस्तर नसेल तर ओला माल सरकतो, तोल जातो आणि नळी फुटते. एका मंगळवारी सिमेंट कालवता कालवताच तो म्हणाला, "लंडनची संशोधनाची जागा मिळाल्यातच जमा. तूही ये ना..."

सिमेंट आवळू लागलं होतं. घाईघाईत त्यानं ते थेट नळीत कोंबलं. 'अस्तर?' हा शब्द जांदिराच्या ओठांवर आला होता — पण कानात अजून 'तूही ये' घुमत होतं.

शीळ चढली, थरथरली, आणि ताडकन आवाज झाला. नळीचे तुकडे, चुंबकातला नाजूक भाग निकामी.

"कुणी भरलं?" मुख्य प्राध्यापिका दाल्वाबाईंनी विचारलं. जो मोडेल त्याचं चुंबक बंद, असा त्यांचा नियम. आणि एवांद्रोसाठी लंडनला शिफारस अजून त्यांचीच जायची होती.

एवांद्रो मान खाली घालून घड्याळाचा पट्टा लावत होता. तो लागेपर्यंत जांदिरा थांबली.

"मी," ती म्हणाली.

बाहेर झाडं ठिबकत होती.

"मी सांगणारच होतो गं —"

"कधी?"

"माझं लंडन गेलं असतं..."

"आणि 'तूही ये'?"

"ते... बघू ना. तिथं जरा जम बसू दे."

"तुझं सिमेंटसुद्धा पाच मिनिटांत धरतं, एवांद्रो," ती म्हणाली, आणि त्यानं त्या दिवशीही आणलेली पावांची पिशवी त्याच्या हातात ठेवून चालू लागली.

एवांद्रोला लंडन मिळालं, दाल्वाबाईंना नवा कोरा भाग, आणि मंगळवार कुण्या तिसऱ्याला. जांदिराची पीएचडी राहिली ती राहिलीच. आता ती गावाकडच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. मोडलं दोघांनी, भरलं एकटीनं.